बॉक्स मी उघडला, गाडी मीच उतरवणार

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बावीस पूर्ण, शिक्षण इंजिनिअरिंगची अडीच वर्षं (उरलेलं दीड वर्ष शिल्लक आहे असं आई म्हणते, संपलं असं मी म्हणतो), धंदा मोटार दुरुस्ती, मुक्काम मामाच्या गॅरेजवरची खोली, पोटभर जेवून, पूर्ण शुद्धीत, कुणी हात न पिरगाळता हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. राग आलेला आहे हे कबूल. पण रागावलेला माणूस शुद्धीत धरत नाहीत असा कायदा असेल, तर मला समजायला लागल्यापासून एकही कागद लिहिता आला नसता.

मला गॅरेजमध्ये 'रेडिएटर' म्हणतात. चढ लागला की उकळतो म्हणून. सहीखाली तेही लिहीन, म्हणजे ओळख पटवताना कुणाची पंचाईत नको.

कारण असं. उद्या सकाळी जुन्या मोटारींची रॅली आहे. त्यात दातांच्या डॉक्टरांची गाडी आहे. डॉक्टर आता निवृत्त आहेत, गाडी त्यांच्या वडिलांची. डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई त्या गाडीतून घाट उतरणार, अकरा वळणं. त्या गाडीचा स्टिअरिंग बॉक्स मामाने दुरुस्त करून बंद केला होता, तो मी न विचारता उघडला. त्यावरून काल दुपारी मामा चारचौघांत म्हणाला, "मी बंद केलेला बॉक्स उघडलास ना? मग डॉक्टरांच्या आधी घाट तू उतर." मी म्हणालो, "उतरतो. मृत्युपत्र लिहून उतरतो."

बोलून बसलो. आता लिहिणं आलं.

आज सुट्टीचा वार आहे. शटर अर्धं खाली ओढलंय, मी कामाच्या टेबलाशी, वस्तू पकडून ठेवायच्या व्हाइसच्या बाजूला बसून लिहितोय. गाडी बाहेर आहे, काल ढकलून काढली तशीच. पुढची दोन्ही चाकं डावीकडे वळवून रस्त्यापलीकडच्या लेथच्या दुकानाकडे बघत उभी आहे. गाडीलाही तिकडेच बघावंसं वाटतं, याचं मला नवल वाटत नाही.

तर येणेप्रमाणे.

कलम १. माझ्या नावावर घर नाही, जमीन नाही. जी काही शिल्लक असेल ती आईची. ती कुठे ठेवली आहे हे तिला माझ्याआधी माहीत असतं, त्यामुळे पत्ता लिहीत नाही. आईच्या शिवणयंत्राचा ताणाचा स्क्रू मी बसवून दिला आहे, त्याला कुणी हात लावू नये. लावायचाच झाला तर सुईखाली कापड असताना लावावा. रिकाम्या मशीनवर ताण बघून काही कळत नाही, उलट दोरा तुटतो आणि शिव्या मला बसतात. मेल्यावर तरी बसू नयेत.

आईने रडू नये असं लिहिणार होतो. ते खोडलं. रडावं, पण मामाला बोल लावू नये. मामा तिचा धाकटा भाऊ आहे, आणि वडील गेल्यावर आम्हा दोघांना त्यानेच सांभाळलं. त्याच्याशी भांडायचा हक्क मी माझ्यासाठी राखून ठेवला होता, तो वारसाने कुणाकडेही जात नाही.

कलम २. माझी निळ्या पुठ्ठ्याची वही, जिच्यात मी हात लावलेल्या प्रत्येक जुन्या गाडीच्या स्टिअरिंगची मापं आहेत, ती गॅरेजात राहावी. शेवटची बारा पानं डॉक्टरांच्या गाडीची आहेत. अक्षर वाईट आहे म्हणून त्यांचा सारांश इथे देतो. मी उद्या राहिलो नाही तर निदान कारण तरी राहावं.

गाडी आली तेव्हा तक्रार दोन ओळींची होती. सरळ जाताना स्टिअरिंग ढिलं. तीन बोटं इकडेतिकडे फिरवलं तरी चाकांना पत्ता नाही. आणि डावीकडे वळताना मध्येच एका जागी घट्ट, जणू आतून कुणी मनगट धरलं. एकाच स्टिअरिंगमध्ये ढिलंही आणि घट्टही! ते ऐकल्यापासून मला जेवताना घास कुठल्या बाजूने चावतोय हेसुद्धा कळेना.

मामाने अकरा दिवस बॉक्सवरचा पकडीचा स्क्रू आवळला आणि सोडला. आवळला की सरळ रस्त्यावरचा ढिलेपणा कमी व्हायचा, पण डाव्या वळणावर अडकायचं. सोडला की वळण लोण्यासारखं, पण सरळ रस्त्यावर गाडी प्यायल्यासारखी. शेवटी त्याने स्क्रू दोन्हींच्या मधे कुठेतरी ठेवला आणि म्हणाला, जुनी गाडी आहे, गुडघे धरायचेच, म्हाताऱ्या माणसाला पळायला लावू नये.

मला हे गुडघे काही पटेनात. म्हातारपण आलं तर दोन्ही गुडघ्यांना येईल. फक्त डाव्या वळणावर का? आणि नेहमी एकाच जागी का? मी स्टिअरिंगच्या चाकाच्या कडेला खडूची रेघ मारली आणि आवारातल्या आवारात बावीस वेळा गाडी वळवली. बावीसही वेळा रेघ त्याच जागी आली की अडकायचं. यंत्र इतकं नेमाने वागतं तेव्हा ते म्हातारं नसतं, ते काहीतरी सांगत असतं. परवा मामा बाहेर गेला आणि मी बॉक्स उघडला.

आत काय असतं ते लिहितो. स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला जाड आट्यांचा वर्म असतो. त्यात दात्यांचा एक तुकडा अडकलेला असतो. वर्म फिरला की तुकडा डोलतो, त्याच्या शाफ्टवर बाहेर एक आर्म लोंबत असतो, तो लांब दांडा ढकलतो आणि चाकं वळतात. आता गंमत पाहा. बनवणाऱ्याने हे दाते सगळीकडे सारखे केलेले नाहीत. मधोमध पकड घट्ट, दोन्ही बाजूंना जरा सैल. कारण माणूस आयुष्यभर जास्तीत जास्त सरळच गाडी चालवतो, म्हणजे मधला भाग आधी झिजणार. तिथे थोडं जास्तीचं लोखंड आधीच ठेवून दिलेलं. त्या माणसाने हे कुठे बसून ठरवलं असेल, त्याला हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा त्याने कुणाला सांगितलं असेल, याचा मी फार विचार केला. मला कुणी सांगितलं असतं तर मी रात्रभर झोपलो नसतो. मला तर कुणी न सांगताच झोप लागली नाही.

म्हणून या बॉक्सचा एकच नियम. पकडीचा स्क्रू आवळायचा तो बॉक्स बरोब्बर मधोमध असतानाच. बाजूला असताना आवळलात तर तिथे छान वाटेल आणि मध्यावर येताच दात दातात रुतून बसतील.

डॉक्टरांच्या गाडीच्या वर्मवर झीज होती, पण मधोमध नव्हती. अर्धा फेरा बाजूला सरकलेली होती. मधला भाग नवरीच्या ताटासारखा कोरा. म्हणजे ही गाडी कित्येक वर्षं 'सरळ' जाताना बॉक्स मधोमध नव्हताच, तो कडेला तोंड फिरवून बसला होता. आर्म शाफ्टवर दोन दाते चुकवून बसवलेला. त्यामुळे स्टिअरिंगचं चाक वाकडं दिसत असणार. तर कुणीतरी आर्म सुधारायच्या ऐवजी वरचं चाक काढून सरळ दिसेल असं बसवून दिलं होतं. वरून सगळं झकास. नंतर प्रत्येक मिस्त्रीने सैल जागेवर स्क्रू आवळला आणि खरा मध्य डाव्या वळणावर भेटला की गाडीने मनगट धरलं.

मी लांब दांडा सोडला, चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, तीनदा मोजले, निम्मे केले, आर्म दोन दाते हलवून योग्य जागी बसवला, दांडा जोडला, वरचं चाक पुन्हा सरळ लावलं. या कामात काही चूक निघाली तर माझं नाव बदला, जे आधीच बदललेलं आहे.

कलम ३. कॉलेजातले यंत्ररचनेचे सर. त्यांनी फळ्यावर स्टिअरिंग काढलं आणि प्ले, म्हणजे ढिलेपणा, शून्य धरा म्हणाले. मी उभा राहून विचारलं की माझ्या मामाच्या गॅरेजातल्या प्रत्येक गाडीत दोन बोटं प्ले असतो, तो का धरायचा नाही. ते म्हणाले, वर्गात मामा आणू नका. वर्ग हसला. मी टी-स्क्वेअर टेबलावर आपटून बाहेर पडलो तो परत गेलो नाही. त्यांना मी डॉक्टरांच्या गाडीतून काढलेली गॅस्केट ठेवतो, तेलासकट. हुंगावी.

मृत्युपत्रात खोटं लिहिलं तर ते पुढे खोडता येत नाही म्हणून हेही नमूद करतो की कॉलेज सोडण्यात सरांचा वाटा निम्माच आहे. उरलेल्या निम्म्याचं कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम ४. मामा.

बाकीचे मिस्त्री आर्म काढण्याआधी शाफ्टवर आणि आर्मवर खुणेचा एक ठिपका मारतात. मामा दोन मारतो, शेजारी शेजारी, डोळ्यांसारखे. मी हे सात वर्षांचा असल्यापासून पाहत आलोय. डॉक्टरांच्या गाडीच्या आर्मवर, दोन दाते चुकलेल्या जागी, दोन ठिपके होते. गंजलेले, जुने.

मी काय करायला हवं होतं हे आज मला कळतंय. ठिपक्यांवर ग्रीस फासून गप्प बसायचं होतं. मी खडू घेतला आणि त्यांच्याभोवती गोल काढला.

काल दुपारी मामा आला तेव्हा फक्त स्क्रू आवळायचा राहिला होता. मामाने सांडलेलं तेल पाहिलं, मग वाकून तो गोल पाहिला. त्याने विचारलं, कुणाला विचारून उघडलंस. मी विचारलं, तू कुणाला विचारून असा बसवलास. तिथे आमच्याकडे गाड्या रंगवणारे रंगारीकाका होते, दोन गिऱ्हाईकं होती. मामा सरळ उभा राहिला. मग म्हणाला, गाडी बाहेर काढ, दुसरी आत घ्यायची आहे. मी आत बसून चाक वळवलं, त्यांनी मागून ढकललं. बाहेर आल्यावर भांडण पुन्हा सुरू झालं. मी बॉनेट उघडलं, बोलत बोलतच राहिलेला स्क्रू आवळला, लॉकनट बसवला आणि पान्हा त्याच्या पायाशी ठेवला. तेव्हा तो घाटाचं बोलला आणि मी मृत्युपत्राचं.

रंगारीकाका नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, की तो आर्म बसवला तेव्हा ते तिथेच दार घासत होते. अठ्ठावीस वर्षं झाली. मामा बावीसचा होता. याहून जास्त विचारू नकोस म्हणाले.

तर मामाला मी काय ठेवू? गॅरेज त्याचं, खोली त्याची, मला येतं ते सगळं त्याने शिकवलेलं. मी त्याला माझं टॉर्क लावायचं, म्हणजे नट किती जोराने आवळला ते दाखवणारं, पान्ह्याचं इंपोर्टेड हँडल ठेवतो, ज्याला तो 'शेंडी' म्हणतो आणि मी नसताना गुपचूप वापरतो. शिवाय असं लिहून ठेवतो की उद्या मी सुखरूप घाट उतरलो तरी त्याने माझ्याशी बोलावं. काल जेवताना त्याने मीठ मागायलासुद्धा मामीकडून निरोप पाठवला. मी मीठ त्याच्या हाताशीच ठेवलं होतं.

कलम ५. माझा रेडिओ रंगारीकाकांना देणार होतो. त्यांनी गेली चार वर्षं तो माझ्यापेक्षा जास्त ऐकला आहे. पण कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना मी आज सकाळी घरी जाऊन विचारून आलो. ते म्हणाले, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करायची नाही. केली तर सही चालते, पण त्याला ठेवलेली वस्तू जाते. आणि रंगारीकाकांनी तर साक्षीदार व्हायचं कबूल केलेलं. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते ब्रश पुसत म्हणाले, "अरे मग दुसरा कुणी बघ ना, सही काय कुणीही करेल. रेडिओ एकच आहे." शेवटी माणुसकीपोटी सही करतो म्हणाले. तेव्हा रेडिओ मामीला. काकांनी तिच्याकडे ऐकायला जावं, ती चहा देते.

माझे रिंग पान्हे लहानापासून मोठ्यापर्यंत भिंतीवर टांगलेले आहेत. त्यातला एक पान्हा हरवलेला नाही, तो कोपऱ्यावरच्या बॅटरीवाल्याने नेला आहे. तो नाही म्हणेल. त्याच्या स्टुलाचा आखूड पाय कशावर टेकवलाय ते बघा.

कलम ६. रस्त्यापलीकडे लेथवाल्यांचं दुकान आहे. त्यांची मुलगी तिथे लेथवर बसते. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात, मामासाठी एक बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी पितळेची नळी, करून आणायला गेलो तेव्हा. तिने माझ्या हातातला कागद घेतला, माप वाचलं, मग जुना बुश मायक्रोमीटरमध्ये धरून म्हणाली, "तुमचं माप चुकलंय, केसभर." मी म्हणालो, केसभराने काय होतं. ती म्हणाली, "कुणाच्या केसाने?" मी त्यावर बोलायला काहीतरी शोधतोय, तेव्हापासून.

माझ्या खोलीत खिडकीत एक पत्र्याचा डबा आहे. त्यात पितळेच्या पातळ चकत्या आहेत, शिम म्हणतात. बॉक्समध्ये वर्म पुढेमागे हलू नये म्हणून लावतात. त्या सगळ्या तिने कापलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर टोकदार सुईने जाडी कोरली आहे, तिच्या बारीक आकड्यांत. त्यांतल्या एकीचीही कधी कुठल्या गाडीत गरज नव्हती. मी मुद्दाम चुकीची मापं सांगायचो. म्हणजे ती चकती लागत नाही म्हणून पुन्हा जाता येई. गॅरेजला आल्यापासून मी एकोणीस वेळा गेलो.

तो डबा तिला परत. त्यात एक चकती जास्तीची आहे, ती मी कापली आहे. कडा ओबडधोबड आहेत. तिच्यावर आकडा नाही.

तिने या कलमाचा काही अर्थ लावू नये. लावला तरी चालेल.

कलम ७. उद्या घाटात काही झालं तर डॉक्टरांना गाडी देऊ नये. माझ्यामागे कुणी बॉक्स पुन्हा उघडला तर दाते बघावेत, चूक कुठे झाली ते वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहावं. मला ते जाणून घ्यायचं आहे. जाणून घेता येणार नाही, हीच या सगळ्या प्रकारातली एक गोष्ट मला खरोखर खटकते.

साक्षीदारांच्या सह्या खाली.

---

पुरवणी, त्याच दिवशी, संध्याकाळी.

वरचा मजकूर संपवून मी दुपारी चारला रंगारीकाकांना बोलावलं. त्यांनी न वाचता सही केली. दुसरा साक्षीदार कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, बघतो. ते शटरखालून वाकून बाहेर गेले आणि लेथवाल्यांच्या मुलीला घेऊन आले. काकांच्या मनात काय होतं ते काकांना माहीत. सुट्टी असून ती दुकानात काय करत होती, हे मी विचारलं नाही.

मी तिला सांगितलं की साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो. तिने मजकूर वाचला. उभ्याने, टेबलाला टेकून, पहिल्यापासून. मी व्हाइस पुसत होतो. व्हाइस इतका स्वच्छ यापूर्वी कधी नव्हता.

कलम ६ ला पोचायच्या आधीच ती थांबली. बोट कलम ४ वर ठेवून तिने विचारलं, "हे 'बोलत बोलतच आवळला' म्हणजे नक्की केव्हा?"

"गाडी बाहेर काढल्यावर."

"तेव्हा चाकं कुठे होती?"

तिने हनुवटीने बाहेर दाखवलं. अर्ध्या शटरखालून गाडी दिसत होती. कालपासून तिला कुणी हात लावला नव्हता. दोन्ही चाकं डावीकडे, लेथच्या दुकानाकडे.

बारा पानं लिहून, तीनदा फेरे मोजून, दोन दाते शोधून काढून, नियम स्वतःच्या हाताने वर लिहून ठेवून, स्क्रू मी बाजूला आवळला होता. तोही कोऱ्या, न झिजलेल्या मध्याच्या बॉक्सवर. उद्या इथून निघताना मी रागाच्या हिसक्यात मध्य ओलांडला असता आणि पहिलं वळणही वरवर छान गेलं असतं. वळून सरळ होताना चाक मधेच रुतलं असतं आणि गाडी वळतच राहिली असती. पहिल्या वळणाच्या डाव्या हाताला काय आहे ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथे काहीच नाही.

मी स्टुलावर बसलो. रंगारीकाका म्हणाले, पाणी हवंय का. ती म्हणाली, "पाणी नंतर. आधी मामाला बोलाव."

मी म्हणालो, स्क्रू मी एकटाही सोडू शकतो. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं, पहिल्या दिवशी माझ्या मापाकडे पाहिलं होतं तसं.

गॅरेजच्या मागच्या बाजूला मामाचं घर आहे. चाळीस पावलं असतील. मामीने दार उघडलं आणि हळूच सांगितलं, की काल रात्रीपासून तीनदा चपला घालून दारापर्यंत आला आणि परत आत जाऊन बसला. मामा कॉटवर बसला होता. चपला पायात होत्या.

मी सांगितलं की स्क्रू मी चाकं वळलेली असताना आवळला. शब्द एवढेच. माफी वगैरे मागायचं ठरवून गेलो होतो, ते राहिलं.

मामा उठला. "चल," म्हणाला.

आम्ही पुढचा भाग जॅकवर उचलला. लांब दांडा सोडला. मामाने आत बसून एका बोटाने चाक फिरवलं, डावीकडून हळूहळू. छान आलं, छान आलं, आणि मध्यावर थांबलं. दगड लागल्यासारखं. त्याने बोट काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा तिथेच. मग त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले.

"डॉक्टरांचे वडील घड्याळ हातात धरून उभे होते," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "आर्म दोन दाते चुकलाय हे मला वरचं चाक लावताना कळलं. मला शिकवणाऱ्या उस्तादला सांगितलं असतं तर त्याने सगळ्यांसमोर कानफटात मारली असती. मी चाक सरळ केलं आणि किल्ली दिली."

मी विचारलं, आणि आता अकरा दिवस नुसता स्क्रू?

"आता तू समोर होतास ना," तो म्हणाला.

मी खाली वाकून लॉकनट सोडला. मामाने चाक मध्यावर धरलं. फेरे पुन्हा मोजले, या वेळी तो मोजत होता आणि मी ऐकत होतो. लेथवाल्यांची मुलगी उघड्या दारापाशी, चाकावरच्या त्या खडूच्या रेघेवर डोळा ठेवून बसली आणि रेघ सरकली की बोटाने टकटक करायची. स्क्रू मी एकेक केस सोडत आणला, मामा एका बोटाने चाक हलवून "अजून", "अजून", "बस" म्हणत होता. 'बस' म्हटल्यावर मी पान्हा आणखी जरासा लावणार होतो. त्याने वर न बघता म्हटलं, "बस म्हणजे बस, रेडिएटर."

मध्यावर आता प्ले नाही, आणि बाजूला बोटाला काही अडत नाही. मी स्वतः दहा वेळा फिरवून पाहिलं. प्रत्येक वेळी मध्यावर येताना किंचित दाट लागतं, कणीक मळताना लागतं तसं, आणि पुढे मोकळं होतं. हे हाताला कसं लागतं ते वहीत लिहायचा प्रयत्न केला. जमलं नाही. सरांनी इथे यायला हवं होतं.

लांब दांडा परत जोडल्यावर मामाने खुणेचा पंच माझ्या हातात दिला. आर्मवर त्याचे दोन ठिपके होते, भोवती माझा खडूचा गोल. तो गोल मी ओल्या फडक्याने पुसला. नव्या जागी एक ठिपका मारला. मामा म्हणाला, "एकच?" मी म्हणालो, दोन तुझे.

उद्या सकाळी डॉक्टरांना किल्ली द्यायच्या आधी घाटातून गाडी मीच उतरवणार. मामा शेजारी बसणार. त्याने ते विचारलं नाही, मामीला सांगितलं की सकाळचा डबा दोघांचा भर.

म्हणजे हे मृत्युपत्र आता लागेल असं दिसत नाही. तरी फाडत नाही. मध्यावर किंचित दाट लागणारी वस्तू दुसरी कुठे लिहून ठेवायची हे मला सुचत नाही. फक्त एक दुरुस्ती: कलम ४ मधली शेंडी मामाला आत्ताच दिली. त्याने ती आधीच खिशात घातली होती.

सगळे हात धुऊन आल्यावर मी तिच्यापुढे कागद आणि पेन ठेवलं आणि दुसऱ्या साक्षीदाराच्या जागेवर बोट ठेवलं. तिने कागद उचलला आणि राहिलेला मजकूर वाचला. कलम ६ दोनदा वाचलं. मग म्हणाली, "मुद्दाम चुकीची मापं? मला वाटायचं, बिचाऱ्याला मोजताच येत नाही."

रंगारीकाका बादलीत ब्रश बुडवून उगाचच ढवळत राहिले.

तिने विचारलं, कलम ५ मध्ये लिहिलंय ते खरं का, की सही केली तर ठेवलेली वस्तू मिळत नाही. मी म्हणालो, अर्ज लिहिणारे तसं सांगत होते. तिने पेनाचं टोपण लावलं.

"मग मी सही करत नाही," ती म्हणाली. "दुसरा साक्षीदार बघ."

दुसरा साक्षीदार मी बघितला नाही.

मृत्युपत्र करणार:
(सही) उर्फ रेडिएटर

साक्षीदार क्र. १:
(सही) रंगारी, याच गॅरेजातला. अंगठ्याजवळचा निळा डाग त्यांचा आहे, पुरावा समजावा.

साक्षीदार क्र. २:
जागा कोरी. हजर होती, मजकूर वाचला, सहीस नकार दिला. कारण: कलम ६ मधील वस्तू स्वीकारणार.

स्थळ: गॅरेज, कामाचं टेबल. दिनांक एकवीस, सुट्टीचा वार, दिवे लागायची वेळ. गाडीची चाकं सरळ.